सोय आहे, पण बंद ठेवली आहे

माझ्या दुकानाला दोन पाट्या होत्या. एक कंपनीने दिलेली, लांबरुंद, आतून दिवे लागणारी. दिवेलागणीला ती अख्खी गल्ली रंगवून टाकायची. दुसरी मी स्वतः पुठ्ठ्यावर जाड पेनने लिहिलेली, काउंटरच्या काचेला चिकटवलेली. या दोघींचं एकमेकींशी पटलं नाही. दोन्हींपैकी एकच राहील असं कंपनीने कळवलं, तेव्हा मी म्हटलं, ठीक आहे, तुमची उतरवून न्या. लातुरातली माणसं मला अजून विचारतात, "शोभाताई, एवढी चालती एजन्सी कामून घालवली?" त्याचं उत्तर एकदा लिहूनच टाकते, म्हणजे दर गिऱ्हाइकापुढे तीच कहाणी लावायला नको.

दुकान बुडालेलं नाही, हे आधीच सांगते. लातूरच्या गोल बाजारपेठेच्या, गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत ते आहे तिथेच आहे आणि रोज सकाळी शटर मीच वर करते.

माझं सगळं आयुष्य मोबाईलच्या काउंटरमागे गेलं. लग्नाआधी नांदेडला एका मोठ्या मोबाईल कंपनीच्या ग्राहक केंद्रात नोकरी केली. लग्न होऊन लातूरला आले आणि त्याच कंपनीची एजन्सी घेतली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे? सिम द्यायचं, अंगठा घ्यायचा, रिचार्ज मारायचा. पण ते वरवरचं झालं. कंपनी तिकडे बसून जे काही चालू-बंद करते, त्याच्या शिव्या इकडे तोंड हसरं ठेवून खायच्या, हे आमचं खरं काम. पगार त्याचाच असतो.

नांदेडची एक गोष्ट सांगते. हिमायतनगरकडचे एक शेतकरी केंद्रात आले. गोविंदराव त्यांचं नाव. डोक्याचे केस काढलेले, खांद्यावर पांढरं उपरणं. वडील नुकतेच गेले होते. आवाज न चढवता त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "ताई, तुमच्या फोनवरून मला एक फोन लावून बघा." मी लावला. घंटीच्या जागी ढोलकीवरचं एक ठसकेबाज गाणं वाजायला लागलं.

"दुखवट्याला फोन करणाऱ्या हरेकाला हे ऐकू येऊन राहिलं," ते म्हणाले. "आमच्या सासऱ्यानं इचारलं, जावईबापू, बाप गेल्याचा एवढा आनंद?"

गोविंदरावांनी गाणं मागितलं नव्हतं. पहिला महिना फुकट म्हणून कंपनीने परस्पर लावून दिलं होतं. मी तिथल्या तिथे बंद केलं. मग डोकं तापलंच होतं, तर दिवसभरात आलेल्या प्रत्येकाला विचारलं आणि ज्यांना नको होतं त्या सगळ्यांचं काढून टाकलं. संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी बोलावून घेतलं. आज एवढी गाणी बंद कशी पडली?

"लोकांच्या घरी सुतक आहे, सर."

"सगळ्यांच्या?"

"हाव सर, सगळ्यांच्या."

बढतीच्या वेळी माझं नाव मागे पडलं ते तिथपासून. पण कंपनीचा स्वभाव मला त्या दिवशी कळला. आपण मागितलं नाही ते चालू असतं आणि मागायला जावं तर ते बंद असतं.

लातूरला आल्यावर गिऱ्हाईक बदललं, तऱ्हा त्याच. रेणापूरच्या एक बाई यायच्या. भांडी घासून आणि शेतात राबून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या, फोन त्यांचं एकही बोट ओळखेना. करंगळीची कड कशीबशी धरली. तेव्हापासून त्या करंगळीला त्यांनी कामाला लावलं नाही. सून काही म्हणाली की करंगळी वर करून सांगायच्या, "हिला पाण्यात घालायचं न्हाई, हिच्यात बँक हाय." असली माणसं या धंद्यात भेटतात म्हणून मी टिकले, कमिशनमुळे नाही.

आता बसवंतअप्पा.

अप्पा मूळचे शिरूर अनंतपाळचे. जन्मापासून दृष्टी नाही. नोकरीभर एका कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर ऑपरेटर होते, निवृत्तीनंतर लातूरला माझ्या गल्लीत राहायला आले. अंगात स्वच्छ पांढरा सदरा, कपाळाला भस्म आणि जिभेला धार. दया दाखवणाऱ्या माणसाशी त्यांचं हमखास भांडण व्हायचं. रस्ता ओलांडायला कुणी न विचारता हात धरला, तर "मला तिकडं जायचंच न्हवतं" म्हणून मागे फिरायचे, जायचं असलं तरी.

अप्पांची अडचण वेगळीच होती आणि ती रोज माझ्या डोळ्यांसमोर घडायची. माझ्या दुकानासमोर शिवराजचं मेडिकल आहे. अप्पांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिथून. नव्या नोटा बोटांना सगळ्या सारख्याच लागतात, म्हणून ते कार्ड वापरायचे. पूर्वीच्या मशीनला उठावदार बटणं असत, पाचावर बारीक ठिपका असे, त्यावरून अप्पा अंदाजाने पिन दाबत. मग नवं मशीन आलं, त्याची सगळी गुळगुळीत काच. काचेवर पाच कुठे आणि आठ कुठे? त्यामुळे पिन तोंडाने सांगावा लागायचा, तोही रांगेतल्या माणसांसमोर.

अप्पांनी त्यावर कानडीची युक्ती काढली. "आरु, एरडू, एळु, नाल्कू," असं हळूच म्हणायचे. शिवराज उदगीरचा, कानडी कळणारा, पण त्याचा आवाज मूळचाच मोठा. तो खात्री करून घ्यायला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "सहा, दोन, सात, चार. बरोबर ना अप्पा?" रांगेतली माणसं हसायची. अप्पाही हसायचे, पण मी त्यांचा चेहरा बघितलेला आहे. ते सारखे पिन बदलायचे आणि गल्लीला नवा पिन पाठ व्हायचा. कुणी एक पैसा चोरला नाही, हे गल्लीच्या बाजूने सांगायला हवं. पण आपल्या कुलपाची किल्ली रोज चारचौघांत ओरडून सांगायची म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं.

एक दिवस अप्पा काठी टेकत दुकानात आले. "शोभाक्का, फोन मशीनला टेकवला की पैशे जातेत म्हणं. खरं हाय का?"

खरं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बऱ्याच फोनच्या पाठीत एक चिप असते. फोनमध्ये आपलं बँकेचं कार्ड एकदा भरून ठेवायचं. दुकानात बोट लावून फोन उघडायचा आणि मशीनजवळ नेऊन टेकवायचा. झालं. मशीनवर पिन नाही, कॅमेरा धरून चौकोनी चित्र शोधणं नाही. नुसतं कार्डही टेकवता येतं, पण कार्ड मुकं. दुकानदाराने किती रक्कम मारली ते अप्पांना कळणार कसं? अप्पांचा फोन बोलका होता, पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवायचा. रक्कम त्यांच्या कानात पडली असती आणि पिन त्यांच्या मनात राहिला असता.

"पण अप्पा, तुमच्या ह्या जुन्या फोनला ती चिप नाही," मी सांगितलं.

नेमकं त्याच सुमारास आमच्या कंपनीने आपला फोन बाजारात आणला. स्वस्त, दिसायला देखणा, दोन वर्षं फक्त कंपनीचंच सिम चालणार एवढी अट. माहितीपत्रकावर चिपचं चित्र होतं. मी अप्पांना तो फोन दिला, त्यांनी पेन्शनमधून घेतला. कार्ड भरायला बसले तर सोयच सापडेना. सेटिंगमध्ये त्या जागी फिकट अक्षरं होती, दाबली तरी न दबणारी. वरच्या ऑफिसला फोन केला तेव्हा कळलं, ती सोय कंपनीने मुद्दाम बंद ठेवली आहे. टेकवून पैसे द्यायचे असतील तर फक्त कंपनीच्याच वॉलेटमधून द्या. बँकेचं किंवा दुसऱ्या कुणाचं ॲप चालणार नाही.

यात कंपनीचा फायदा उघड आहे. गिऱ्हाईक वॉलेटात शिरलं की त्याचा पैसा तिथून फिरतो आणि तो कुठे काय घेतो तेही समजतं. पण मला सांगा, टेकवलेला पैसा बँकेतून दुकानदाराकडे जातो, त्यात सिमवाल्याचा संबंध काय? दूधवाल्याने रतीब घालावा. त्या दुधाचा चहा करायचा का खीर, हे त्याने का ठरवावं?

तरी मी म्हटलं, ठीक आहे, वॉलेट तर वॉलेट. ते उघडलं आणि अप्पांच्या हातात दिलं. बोलक्या फोनला पडदा वाचता यावा म्हणून ॲप करणाऱ्याला प्रत्येक बटणाला नाव द्यावं लागतं. या वॉलेटवाल्यांनी एकालाही दिलं नव्हतं. अप्पांनी बोट फिरवलं तसा फोन म्हणाला, "बटण." बोट सरकवलं. "बटण." आणखी खाली. "बटण."

अप्पांनी फोन काउंटरवर ठेवला. "ह्याच्यापक्षा शिवराज बरा. किमान आकडे तरी सांगतो."

फोन मीच गळ्यात मारला होता, त्यामुळे मला फार लागलं. तुम्हाला दुसरा फोन देते, हा मी ठेवून घेते, असं म्हणाले तर अप्पा भडकले. "फोनाचे पैशे म्या दिले. मग आतलं कुलूप त्यांचं कसं काय? तुझ्या पदरचं कामून देतीस? त्यांना इचार."

मी विचारलं. लेखी विचारलं, फोनवर विचारलं, भेटून विचारलं. "पॉलिसी आहे मॅडम" याच्यापलीकडे उत्तर मिळालं नाही. मग मी पुठ्ठा घेतला आणि लिहिलं: 'या फोनने बँकेच्या कार्डातून टेकवून पैसे देता येत नाहीत. सोय आहे, पण कंपनीने बंद ठेवली आहे. घेण्याआधी विचारा.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. लोक वाचायचे, विचारायचे आणि बरेच जण दुसरा फोन घेऊन जायचे.

आमचे एरिया मॅनेजर विशालसर, तरुण, गोड बोलणारे. त्यांच्या कानावर पाटीची गोष्ट गेली. पण त्यांच्या डोक्यात तेव्हा वॉलेटचा मेळावा होता, माझ्या दुकानासमोरच मांडव घालून. त्यांनी मलाच विचारलं, तुमच्याकडे एक दृष्टिहीन ग्राहक आहेत ना? त्यांना स्टेजवर घेऊ. 'सर्वांसाठी सोपं' असा फलक आहे, फोटो छान येईल.

"सर, आधी एकदा वॉलेट त्यांच्या हातात देऊन बघा," मी म्हणाले.

"मॅडम, तुमचा दृष्टिकोन फार नकारात्मक आहे."

मी अप्पांना सांगितलं, कशाला जाता, नका जाऊ. अप्पा म्हणाले, "जातो की. बोलावणं कुणाला येतंय?" आणि इस्त्रीचा सदरा घालून आले.

मांडव भरला होता. मोंढ्यातले हमाल, बाजाराला आलेल्या बाया, कॉलेजची पोरं. पेढ्यांचा एक बॉक्स ठेवला होता, त्याचे पैसे अप्पांनी वॉलेटमधून द्यायचे असं ठरलं. विशालसरांनी मोठ्या प्रेमाने माईक अप्पांच्या हाताजवळ धरला. अप्पांनी बोट फिरवायला सुरुवात केली. भोंग्यातून गोलाईपर्यंत आवाज गेला.

"बटण. बटण. नाव नसलेलं चित्र. बटण."

"काका, मधलं निळं दाबा," विशालसर हळूच म्हणाले. माईकने तेही सगळ्यांना ऐकवलं.

"निळं बोटाला कसं लागतंय, साहेब?"

मागून एका हमालाने शिट्टी घातली आणि हसण्याचा असा लोट आला की विशालसरांनी माईकच बंद केला. अप्पा पेढ्यांचा बॉक्स घेऊन खाली उतरले. पैसे न देताच. शिवराजने मग सगळ्यांना पेढे वाटले.

दोन-तीन दिवसांनी विशालसर एकटेच आले. चेहरा उतरलेला होता. मला त्यांची कीव आली, कारण त्यांच्यावरही कुणीतरी असणारच. ते म्हणाले, "मॅडम, वरून परवानगी आणली आहे. काकांचा फोन विशेष बाब म्हणून आम्ही उघडून देतो. त्यांच्या बँकेचं कार्ड भरा, टेकवून पैसे जातील. फक्त ती पाटी काढा आणि कुठे बोलू नका. नाहीतर एजन्सीचा विचार करावा लागेल."

खोटं कशाला सांगू, मी डगमगले. अप्पांचं काम होत होतं. ज्याच्यासाठी एवढं भांडले, ते ताटात वाढून समोर आलं होतं. घरी नवऱ्याला सांगितलं. त्याचं बियाण्यांचं दुकान, माणूस सरळ हिशोबी. तो म्हणाला, "पाटी पुठ्ठ्याची आहे, एजन्सी पोटाची आहे. बघ बाई." तेही खरंच होतं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर केलं. सकाळी अप्पांना दुकानात बोलावलं आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, फोन तुमचा आहे, तुम्हीच ठरवा.

अप्पांनी आधी विचारलं, "बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्यांचं बंदच राहणार."

"कामून?"

"साहेब म्हणाले, बाकीच्यांना दिसतं, ते स्कॅन करतील."

अप्पांनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाले, "अक्का, म्या बोर्डावर जलम काढला. साहेबाचा फोन आसू दे का हमालाचा, लाईन जोडायची आन् कान काढून घ्यायचा. कुणी कुणासंगं बोलायचं, ते आपुन ठरवायचं न्हाई. एकदा एका साहेबानं सांगितलं, युनियनवाल्याचे फोन जोडू नको, तुला बढती देतो. म्या म्हणलं, बोर्डावर दुसरा बसवा. आता म्हातारपणी ह्यांचं ऐकू?"

"पण अप्पा, मेडिकलात पुन्हा पिन सांगावा लागेल."

"सांगीन. माझं तोंड हाय, झिजत न्हाई. तू तुझं बघ. तुझी एजन्सी जाईल."

म्हणजे त्यांनी माझंही मलाच ठरवायला लावलं. मी विशालसरांना फोन करून सांगितलं, पाटी निघणार नाही आणि अप्पांचा फोनही पैसे देऊन परत घ्या. फोन त्यांनी लगेच परत घेतला, अगदी खुशीने. अप्पांनी त्याच पैशात थोडी भर घालून माझ्याकडून एक साधा फोन घेतला, दिसायला ओबडधोबड, पण आत कुणाचं कुलूप नसलेला. भर माझ्याकडून घ्यायला ते तयार नव्हते, मी आग्रहही केला नाही.

काही दिवसांत एजन्सी संपल्याचं पत्र आलं. माणसं शिडी घेऊन आली आणि कंपनीची पाटी उतरवून घेऊन गेली. ती उतरली तेव्हा मागची भिंत दिसली, रंग उडालेली, पालींची घरं असलेली. मला वाईट वाटलं. वाटणारच. नांदेडच्या केंद्रातली माझी मैत्रीण अजून त्याच कंपनीत आहे, तिचे फोन त्यानंतर आले नाहीत आणि मी लावला तर ती "मीटिंगमध्ये आहे" म्हणते. त्याची टोचणी मात्र राहिली. बाकी कमिशन गेलं, त्याचं रडगाणं मी गाणार नाही. आता दुरुस्ती करते, सगळ्या कंपन्यांची सिमं विकते.

कंपनीचा तो फोन लोक दुसऱ्या दुकानातून घेतात आणि बिघडला की माझ्याकडे आणतात. मी काचेवरची पाटी त्यांना वाचून दाखवते, मग तक्रार कुठे आणि कशी करायची ते सांगते. कंपनीने कुलूप अजून काढलेलं नाही. पाटी मीही काढलेली नाही. पहिला पुठ्ठा पिवळा पडला, म्हणून नव्या पुठ्ठ्यावर तीच अक्षरं लिहिली, यावेळी जरा मोठी. कंपनीचं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी खुशाल येऊन बघावी, दुकान सकाळी उघडतं.

राहता राहिली मेडिकलची गोष्ट. नव्या फोनमध्ये कार्ड भरून झालं, तेव्हा अप्पा म्हणाले, "चल." मी दुकान उघडं टाकून त्यांच्याबरोबर समोर गेले. नेहमीसारखी रांग होती. शिवराजने गोळ्या पिशवीत घातल्या, रक्कम मारली, मशीन पुढे केलं आणि सवयीने काउंटरवर वाकून कान अप्पांच्या तोंडाजवळ आणला. रांगेतले दोघं-तिघंही जरा पुढे सरकले, त्यांनाही सवयच झाली होती.

अप्पांनी खिशातून फोन काढला, बोट लावलं आणि चाचपून मशीनला टेकवला. मशीन वाजलं. फोनने अप्पांच्या कानाशी रक्कम सांगितली. शिवराज तसाच वाकलेला होता, वाट बघत.

"कान काढून घे, शिवराज," अप्पा म्हणाले. "लाईन लागली."